पलंगाखालचं पेट्रोल

सोमवारी सकाळी उंबरदऱ्याच्या पंपावर टँकर आला. नेहमीएवढाच मोठा आणि काठोकाठ भरलेला. तरी दुपारच्या जेवणाआधीच पंप कोरडा पडला. दऱ्याखोऱ्यातल्या गाड्या काही वाढल्या नव्हत्या. कोणी लांबच्या प्रवासालाही गेलं नव्हतं. उलट बहुतेक गाड्या आपापल्या दारात नुसत्या उभ्या होत्या. मग टँकरभर पेट्रोल गेलं कुठे?

अकरा वर्षांच्या मिथिला उतेकरला हा प्रश्न पडला तेव्हा ती बाबांच्या जीपमध्ये बसली होती, आणि त्यांच्यापुढे अजून बरीच मोठी रांग होती.

तो काळ असा होता, की शहरांमधून पेट्रोल जवळजवळ गेलंच होतं. तिथे सगळं बॅटरीवर चाले. त्यामुळे पेट्रोलपंप एकेक करून बंद पडत होते आणि उरलेल्या पंपांवरचा भाव दर महिन्याला चढत होता. जावळीच्या डोंगरात मात्र जुन्या जीपगाड्या आणि मोटरसायकली अजून पळत होत्या. त्या सगळ्यांसाठी एकच पंप उरला होता. पंपाच्या मालकीण होत्या वैजयंतीताई शेलार, आणि पेट्रोल भरायला होता एक यंत्रमानव. तो सारखा पेट्रोल भरत असतो, म्हणून गावाने त्याचं नावच भरत ठेवलं होतं.

मागच्या आठवड्यात घाटात दरड कोसळली आणि तिच्याखाली विजेचे खांब मोडले. घरांवरच्या सौर पट्ट्यांवर दिवे आणि फोन चालत होते, पंपावरच्या पट्ट्यांवर पंप आणि भरत. पण बस चार्ज करण्याइतकी वीज गावात नव्हती. बॅटरीची एसटी बंद झाली. आरोग्य केंद्राची रुग्णवाहिकाही उभी राहिली. रस्त्याची एक बाजू मोकळी झाली, तरी टँकरला एक दिवस उशीर झालाच. त्या दिवशी कोणीतरी पंपावरच्या ‘साठा संपला’ या पाटीचा फोटो काढून फोनवर पाठवला. संध्याकाळपर्यंत तो घरोघरी पोचला. दुसऱ्या दिवशी टँकर आला; पण टँकरचा फोटो कोणी काढला नाही.

तेव्हापासून पंपावर रांगा लागल्या होत्या. मिथिलाचे बाबा, प्रतीक उतेकर, पहिल्याच दिवशी पंपावर गेले होते. भरतने त्यांना सांगितलं, पेट्रोल पुरेसं आहे, गरजेपुरतंच घ्या. त्यांनी ते ऐकलं. थोडंसं भरून घेतलं आणि घरी आले. आता जीपमध्ये पाव टाकी उरली होती. साताऱ्याला जाऊन परत यायला अर्धी टाकी लागत असे.

आणि शुक्रवारी साताऱ्याला जाणं भागच होतं. मिथिलाच्या धाकट्या भावाला, ओजसला, थॅलॅसेमिया होता (शरीराला आपलं रक्त नीट तयार करता येत नाही, असा जन्मापासूनचा आजार). दर तीन आठवड्यांनी त्याला बाहेरून रक्त द्यावं लागे. तारीख जवळ आली की त्याचे ओठ फिके पडत. आता तो घराच्या पायऱ्या चढतानाही मध्येच बसत होता, आणि कोणी विचारलं तर सांगत होता की मुंग्या बघतोय.

रांग सरकत सरकत त्यांचा नंबर आला. भरतने हात आडवा केला आणि सांगितलं, की साठा संपला आहे, पुढचा टँकर गुरुवारी येईल. गाडी वळवून रस्त्याला लागल्यावर बाबा स्वतःशीच म्हणाले, “मी शहाण्यासारखा वागलो, आणि माझंच पोर अडकलं.”

बाबांचा आवाज मिथिलाने असा कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आईने तिला विरजण आणायला शेजारी सुमनकाकूंकडे पाठवलं. काकूंच्या घरात पाऊल टाकताच तिला पेट्रोलचा वास आला. तो माजघराकडून येत होता. तिने वाकून पाहिलं. पलंगाखाली दोन मोठे कॅन होते आणि त्यातल्या एकाचं झाकण नीट बसलं नव्हतं. शेजारच्या स्वयंपाकघरात गॅसवर दूध तापत होतं.

“काकू, आधी गॅस बंद करा,” मिथिला म्हणाली. “आणि कुठलं बटण दाबू नका.”

शाळेत त्यांना शिकवलं होतं, की पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही. पाण्यासारखी जमिनीवरून पसरत जाते आणि दूरच्या ज्योतीपर्यंतही पोचते. मग तीच ज्योत वाफेच्या वाटेने उलट धावत येते. गॅस बंद करून दोघींनी दारं-खिडक्या सताड उघडल्या, झाकण घट्ट लावलं आणि कॅन परसातल्या सावलीत नेऊन ठेवले.

तिथे उभं राहिल्यावर मिथिलाच्या लक्षात आलं, की काकूंकडे तर गाडीच नाही. तिने तसं विचारलंही. काकूंनी पदराने कपाळ पुसलं. त्यांच्या यजमानांना मागच्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. पुन्हा काही झालं, तर कोणाची तरी गाडी मागता येईल; पण पेट्रोल कुठून आणणार, म्हणून त्यांनी भाच्याला रांगेत उभं केलं होतं.

“पेट्रोल येत राहणार, हे मला कळत होतं गं,” त्या म्हणाल्या. “पण सगळेच भरून नेतायत म्हटल्यावर आपल्याला उरणार नाही, हेही कळत होतं.”

शुक्रवारी ओजसला न्यायचंय, हे काकूंना माहीत होतं. मिथिलाने पेट्रोल मागितलं नाही. काकूंनीही देऊ केलं नाही. दोघी थोडा वेळ कॅनकडे बघत राहिल्या आणि मग मिथिला विरजण घेऊन घरी आली.

बुधवारी ती एकटीच पंपावर गेली. टँकर दुसऱ्या दिवशी येणार होता, तरी गाड्यांची रांग आदल्या दिवसापासूनच लागली होती. लोक गाड्यांमध्येच जेवत होते. भरत मधूनमधून ध्वनिक्षेपकावरून सांगत होता, की पेट्रोल पुरेसं आहे, घाबरू नका. तो हे सांगे आणि रस्त्यावरून नुसता चाललेला एखादा माणूस दचकून रांगेत शिरे.

मिथिला त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, “भरत, पेट्रोल संपलेलंच नाही. ते आमच्या शेजारच्या पलंगाखाली आहे.”

भरतने मान तिच्याकडे वळवली. तो मुलांशीही मोठ्यांसारखाच नीट बोलत असे. त्याने सांगितलं, की या भागात साधारण हजार गाड्या आहेत. एरवी त्यांच्या टाक्या बऱ्याचशा रिकाम्या असतात. लागेल तसं लोक येतात. प्रत्येकाने एरवीपेक्षा फक्त दहा लिटर जास्त भरलं, तर किती झालं?

“दहा हजार लिटर,” मिथिला म्हणाली.

“आणि टँकरमध्ये असतं बारा हजार. म्हणजे कोणी एक किलोमीटरही जास्त गेलं नाही, तरी टँकर जवळजवळ संपतो. पेट्रोल एका मोठ्या टाकीतून हजार छोट्या टाक्यांत जाऊन बसतं. ते आहे, पण ज्याला हवं त्याच्याजवळ नाही.”

टँकरभर पेट्रोल कुठे गेलं, ते तर कळलं. पण भरतला स्वतःलाही एक कोडं पडलं होतं. तो खरं तेच सांगत होता, तरी रांग वाढतच होती. हे तो बोलत असताना रांगेतली माणसं गाड्यांतून उतरून पुढे रेटली आणि भरत ध्वनिक्षेपकाच्या खांबापाशी ढकलला गेला. त्याने पुन्हा सूचना द्यायला सुरुवात केली, तशी ध्वनिक्षेपकातून एक कर्कश शिट्टी निघाली आणि वाढत वाढत गेली. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. भरत झटकन बाजूला झाला तेव्हा ती थांबली.

मिथिलाने विचारलं, की हे असं का होतं.

भरतने समजावून सांगितलं. त्याच्या माइकमध्ये आवाज शिरतो, यंत्र तो मोठा करतं आणि ध्वनिक्षेपकातून सोडतं. माइक फार जवळ असला, की तो मोठा झालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, आणखी मोठा होतो, पुन्हा बाहेर पडतो. अशा फेऱ्यांवर फेऱ्या होतात. सुरुवातीचा आवाज बोट आपटल्याएवढा असला, तरी शिट्टी कान फोडते. याला फीडबॅक म्हणतात (कारणातून परिणाम होतो आणि तोच परिणाम उलटून आपल्या कारणाला बळ देतो).

मिथिला रांगेकडे बघत राहिली. एका पाटीचा फोटो. तो पाहून थोडे लोक आले. त्यांची रांग पाहून आणखी लोक आले. त्यामुळे पंप खरोखरच कोरडा पडला आणि ते पाहून सगळेच आले.

“भरत, ही रांग म्हणजे ती शिट्टीच आहे,” ती म्हणाली. “आणि काकूंना पेट्रोल संपेल याची भीती नव्हती. बाकीचे संपवतील याची होती.”

भरत म्हणाला, “मग माझी सूचनाच चुकीची आहे. पेट्रोल पुरेसं आहे असं मी सांगतो. पण थांबलेल्या माणसाला ते मिळेल, असं मी कुठेच सांगत नाही.”

मिथिलाला बाबांचा तो आवाज आठवला. जो थांबला त्याचंच नुकसान झालं होतं. मग लोकांनी का थांबावं?

तेवढ्यात वैजयंतीताई तिथे आल्या. रात्रंदिवसाच्या धावपळीने त्यांचे डोळे लाल झाले होते. त्या म्हणाल्या, की प्रत्येकाला पाचच लिटर द्यायचा नियमही त्यांनी करून पाहिला होता. पण त्यामुळे लोक दिवसातून तीनदा यायला लागले. भरतने सांगितलं, की शिट्टी बंद करायला आवाज कमी करणं हा एक उपाय आहे आणि पाच लिटरचा नियम म्हणजे तेच होतं. पण दुसराही उपाय आहे: माइक ध्वनिक्षेपकापासून दूर नेणं. परिणाम आणि कारण यांच्यामधली वाटच तोडणं.

मग तिघांनी बसून ठरवलं. भरत प्रत्येक गाडी ओळखत होता आणि ती एरवी आठवड्याला किती पेट्रोल घेते, हेही त्याला माहीत होतं. तेवढा वाटा त्या गाडीच्या नावावर राखून ठेवायचा. ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांच्यासाठी दवाखान्यात जाण्यापुरता वाटा वेगळा. आज या, नाहीतर रविवारी या; वाटा तिथेच राहील आणि आठवडाभर भावही तोच राहील. दुसऱ्याने कितीही धावपळ केली, तरी तो तुमचा वाटा नेऊ शकणार नाही. कोणाचा किती वाटा शिल्लक आहे, ते मोठ्या फलकावर सगळ्यांना दिसेल. घरात साठवलेलं कोणी परत आणलं, तर तेही त्याच्या वाट्यात जमा होईल.

वैजयंतीताईंना धास्ती वाटत होती. लोकांचा विश्वास बसला नाही, तर ते पंपाच्या काचा फोडतील, असं त्या म्हणाल्या. तरी त्यांनी फलक लावायला सांगितलं.

गुरुवारी टँकर आला. मिथिला बाबांबरोबर रांगेत होती. त्या सकाळी ओजस अंथरुणातून उठलाच नव्हता. पाव टाकीत बाबांचा आठवड्याचा वाटा मिळवला, तरी परत येण्याएवढं होत नव्हतं, कारण साताऱ्याची फेरी दर आठवड्याला नसल्याने तो वाटा लहान होता. परतीच्या पेट्रोलचं काय, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबा म्हणाले, निदान पोचू तरी.

पहिला तासभर काहीच बदललं नाही. माणसं फलक वाचत आणि तरीही रांगेतच उभी राहत. एक जण ओरडून म्हणाला, की ही सगळी फसवाफसवी आहे, उद्या फलक काढून टाकतील. मागून ‘बरोबर आहे’ असे आवाज आले. वैजयंतीताई दारात उभ्या होत्या. त्यांनी दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती.

तेवढ्यात रांगेच्या कडेने सुमनकाकू आल्या. मागून त्यांचा भाचा दोन कॅन घेऊन येत होता. ओरडणारा माणूस गप्प झाला. काकूंनी कॅन भरतसमोर ठेवायला लावले.

“हे माझ्या नावावर जमा करू नकोस,” त्या भरतला म्हणाल्या. “उतेकरांच्या जीपमध्ये घाल. त्यांच्या पोराला उद्या साताऱ्याला न्यायचंय. माझ्या घरी काही झालं, तर दवाखान्याचा वाटा फलकावर दिसतोय मला.”

बाबा गाडीतून उतरले. त्यांनी नुसते हात जोडले. काकू म्हणाल्या, “अरे, परवाच द्यायला हवे होते.”

भरतने ते पेट्रोल गाळून, मोजून जीपमध्ये भरलं. रांगेतले काही जण एकमेकांकडे बघू लागले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपली मोटरसायकल हळूच बाहेर काढली आणि रविवारी येतो असं सांगून ते निघून गेले. थोड्या वेळाने आणखी दोघे गेले. सगळे गेले नाहीत. पण संध्याकाळी वैजयंतीताईंनी टाकी तपासली तेव्हा ती अर्ध्याहून जास्त भरलेली होती. त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी चहा गरम असताना प्यायला.

शुक्रवारी ओजसला रक्त मिळालं. पिशवीतून नळीत उतरणारा एकेक थेंब मिथिला मोजत होती; मग मोजणं सोडून ती त्याच्या ओठांकडेच बघत बसली. हळूहळू त्यांना रंग चढला. परतीच्या वाटेवर तो सारखा बोलत होता आणि त्याला भूकही लागली होती.

घाटात विजेचे नवे खांब उभे राहत होते. पंपापाशी जीप थांबवल्यावर भरतने मिथिलाला सांगितलं, की असा एकेकच पंप उरलेल्या बाकीच्या खोऱ्यांतल्या यंत्रमानवांना त्याने फलकाची पद्धत कळवली आहे. मिथिलाने त्याला विचारलं, की एक दिवस पेट्रोल खरंच संपेल का. भरत खोटं बोलत नसे. तो हो म्हणाला. पण ते एका दुपारी संपणार नाही, हळूहळू कमी होत जाईल, आणि तेवढ्या वेळात डोंगर चढणाऱ्या हलक्या बॅटरीच्या जीपगाड्या तयार होतील. तोवर जे आहे ते पुरवून वापरायचं आहे.

तेवढ्यात खालच्या वाडीतला एक तरुण मोटरसायकलवरून आला. पंपासमोर त्याने वेग कमी केला, एक पाय टेकून फलकावर आपला नंबर शोधला आणि वाचला. मग पेट्रोल न भरताच तो पुढे निघून गेला.