तो राग नव्हताच

बैलगाडी अजून ओढ्यापाशीही पोचली नव्हती आणि लंकाबाईने केरसुणी उचलून अंगण झाडायला घेतलं! माणूस गावाला निघालं की त्याच्या पाठोपाठ केर काढत नाहीत. मढं उचलल्यावर काढतात, हे पाथर्डीकडच्या त्या वस्तीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"लंके, काय करतीस ह्ये!" सासू बनुबाई ओसरीवरून ओरडली.

पण चांगुणाने गाडीतून वळून पाहिलंच. धाकटी जाऊ ती. दर साली दसरा झाला की नवऱ्याबरोबर राहात्याकडे ऊसतोडीला जायची आणि लेकीला, कौसीला, या विधवा, निपुत्रिक थोरल्या जावेच्या पदरात टाकून जायची. एकाहत्तर साली मात्र तिने कुणाला न विचारता दसऱ्यालाच सांगून टाकलं की यंदा कौसीलाही नेणार. तेव्हापासून लंकाबाई कुणाशी धड बोलत नव्हती, भांडी आपटत होती. सगळे म्हणाले, लंकाबाईला राग आलाय. बिचारीला स्वतःलाही तसंच वाटत होतं! त्या घरात पोटात दुखलं तर ओवा मिळे. काळजात दुखलं तर त्याला साधं नावसुद्धा नव्हतं.

चांगुणा गाडीतून उडी टाकून धावत परत आली.

"आक्का, आमी मेलो का तुमाला? माझं लेकरू हाय गाडीत! तिचं तरी वाईट चिंतू नका!"

लंकाबाईच्या हातून केरसुणी गळाली. आपण काय करून बसलो ते तिला आत्ता कळलं.

"मी... कौसीचं वाईट चिंतीन? अगं, गाडी हालली न् मला बसवंना... हात रिकामे ऱ्हाईनात. ध्यानातच आलं न्हाई, तुझी आन!"

"मग इतकं दिस राग कसला धरला?"

"मला काय ठावं!" लंकाबाईने छातीवर मूठ दाबली. "हितं कायतरी आवळून धरल्यागत हुतंय. भाकर घशाखाली उतरंना. निजलेल्या पोरीवर हात ठिवला की काढवंना... आन तुज्याकडं बघितलं की नुसता संताप येतोय."

हे सारं चांगुणाच्या ओळखीचं होतं! उसाच्या फडात मोळ्या बांधताना दर हंगामाला तिने हेच तर भोगलं होतं...

"आक्का, ह्यो राग न्हाई," ती हळूच म्हणाली. "भ्या हाय ह्ये. पोर आपली ऱ्हानार न्हाई, ह्येचं भ्या. मला बी हाय. औंदा मी परत आले तवा पोर तुमच्या पदराआड लपली, माझ्याकडं येईना... जळत हुते मी तुमच्यावर! म्हून तर निघाले तिला घिऊन."

एवढं बोलून ती हमसून हमसून रडू लागली. लंकाबाईच्या उरावरचा धोंडा हलला. भीती! म्हणजे आपण दुष्ट नव्हतो, आपण फक्त भ्यालो होतो! दुखण्याला नाव मिळालं आणि तिला कितीतरी हलकं वाटलं. तिने जावेचे डोळे पदराने पुसले आणि काळीज घट्ट केलं.

"ने तिला, चांगुणे. आईपासून लेकरू तोडून मला कसलं सुख?"

"आन तुमच्यापासून तोडून मला?"

"बसा दोघीबी रडत!" बनुबाई कडाडली. "लंके, लुगडी बांध तुजी. फडावर पोरीपाशी कोनतरी लागंलच की!"

"आन तुमी एकट्या?"

"मी काय कुकुलं बाळ हाय? मी न् माझ्या शेळ्या, आमचं आमी बघू. निघ!"

गाडी ओढा ओलांडून सडकेला लागली. दोघींच्या मधे बसलेल्या कौसीने लंकाबाईच्या ओल्या गालाला हात लावला.

"मोठी आई, तुला राग आलाय?"

"न्हाई गं."

"मग रडतीस का?"

असं लंकाबाईला आजवर कुणी विचारलंच नव्हतं... आणि आज तिला उत्तर ठाऊक होतं!

"आनंद झालाय मला," ती म्हणाली. "लई आनंद झालाय."