लिडियाच्या सूचनेला अनुमोदन

मार्चमध्ये ॲशबीच्या डोंगरात दिवसा बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. त्या मधल्या चार घटका उबेत मेपलची झाडं पाझरायला लागतात... आणि कच्च्या सडकांचा नुसता लगदा होतो. त्या लगद्यात एक निळी मोटार पोटापर्यंत रुतली होती. टपावर एक तरुण पाय हलवत, निवांत सफरचंद खात बसला होता.

लिडिया क्विम्बीनं ट्रॅक्टर थांबवला.

"कुणाची वाट बघताय?"

"मे महिन्याची," तो म्हणाला.

"त्याला अवकाश आहे. ही साखळी घ्या, मागं बांधा."

"मागं म्हणजे नेमकं कुठं?"

"तोंड असतं त्याच्या उलट बाजूला."

तो हसला, खाली उडी मारली आणि घोट्यापर्यंत चिखलात गेला. साखळी बांधता बांधता त्यानं नाव सांगितलं. रेमी थेरियो. शरदात गावच्या शाळेत तिसरीवर रुजू झालेला.

लिडिया ट्रॅक्टरवरून खाली वाकली. "म्हणजे आमची वाढलेली घरपट्टी ती तुम्हीच!"

"मास्तर म्हणतात मला. घरपट्टी म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

तिला हसायचं नव्हतं. हसू आलं खरं.

पण विषय काही हसण्याचा नव्हता. ॲशबीची शाळा चालते ती घराघराच्या, रानारानाच्या पट्टीवर, आणि पट्टी दरसाल चढत होती. क्विम्बींचं मेपलचं गुऱ्हाळ, झाडांचा रस आटवून गोड पाक करायचं. झाडं रस देणार फक्त हिवाळा सरताना; पट्टी मात्र बारमाही. आणखी एकदा वाढली की वरची टेकडी विकायची, असं तिच्या बाबांनी, एबेन क्विम्बींनी, ठरवून टाकलं होतं. बोलले काही नाहीत. एका सकाळी टेकडीवर जाऊन ते थोरल्या झाडांच्या खोडांवर हात फिरवून आले, आणि लिडिया काय ते समजली. त्या झाडांना रसासाठी पहिली भोकं पाडली ती बाबांच्या आजोबांनी.

म्हणून गावसभेत ती सूचना मांडणार होती... शाळेचं अंदाजपत्रक गेल्या सालाएवढंच ठेवा, पैही वाढवू नका.

"शाळेशी वैर नाही माझं," मोटार बाहेर आल्यावर ती म्हणाली. "मी तिथंच शिकले. पण पैसा चढतोय आणि पोरांचं वाचन उतरतंय. मग तो पैसा जातो कुठं, एवढं विचारायचं नाही का माणसानं?"

"विचारावं की."

"तुम्ही भांडणार नाही?"

"आधी काहीतरी चुकीचं बोला," रेमी म्हणाला. "मग भांडतो."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो आभार मानायला गुऱ्हाळावर आला. तिसऱ्या दिवशी कशाला आला, ते त्यानं सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. चुलाणात लाकडं सारायची, कढईवरचा फेस काढायचा, गोड वाफेत एकमेकांचे चेहरे शोधायचे... दिसले की नजर चुकवायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते त्या वाफेलाच ठाऊक.

"आमच्या शाळेच्या तळघरात वर्ग तापवायला एवढीच मोठी भट्टी आहे," एकदा तो म्हणाला. "धडधाकट. पण नियम आला, ती मंजूर यादीत नाही. बंद करा. आता तेल जाळतो आम्ही, टँकरनं येतं. आणि गावचं लाकूड गावातच कुजतं."

"राजधानीत बसून आमचा धूर दिसतो त्यांना!"

"धूर वाईटच गं. माझ्या वर्गातली दोन पोरं दम्याची आहेत." त्यानं एक ओंडका आत सारला. "पण धुराडं हातभर उंच केलं असतं तरी भागलं असतं. इथं येऊन कुणी बघितलंच नाही."

"आणि वाचन?"

"वाचनाचा तयार कार्यक्रम विकत आणलाय. महाग. पडद्यावर माकड नाचतं, पोरं माकड बघतात." त्यानं आवाज खाली आणला. "तो मी कपाटात ठेवलाय. अक्षर, त्याचा आवाज, मग शब्द... माझ्या आजीनं मला शिकवलं तसंच शिकवतो."

लिडियानं त्याच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. कढई उतू गेली.

सभेच्या आदल्या दिवशी विनीआत्या दारात आली. गावातलं पान हललं तरी हिला कळायचं.

"लिडी, तुझी सूचना पास झाली तर कुणाची नोकरी जाणार, माहीत आहे ना?"

"कुणाची?"

"शेवटी आलेला आधी जातो. तिसरीचा मास्तर गं."

लिडियानं पळी खाली ठेवली. त्याला हे ठाऊक असणार. इतके दिवस ठाऊक होतं, आणि तो लाकडं सारत राहिला, तिचं भाषण ऐकत राहिला, वर "हे वाक्य छोटं कर" म्हणून सांगत राहिला...

"मग आता मागं घेशील?" आत्यानं हळूच विचारलं.

"टेकडीचं काय, आत्या?" ती म्हणाली. "आणि मला खरं वाटतं, ते माणूस आवडला म्हणून खोटं होतं का?"

आत्यानं शाल सावरली आणि शेजारच्या घराकडं वळली. मग त्याच्या शेजारच्या.

शनिवारी सगळं गाव सभागृहात. मागं टेबलावर बायकांनी मांडलेले बीन्स, हॅम, ॲपल पाय. पुढं सभापती ॲल्व्हा हचिन्स, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. प्रत्येकाच्या हातात मत द्यायचं पिवळं कार्ड. लिडिया उभी राहिली. रेमी शेवटच्या रांगेत होता; तिनं तिकडं बघितलं नाही. सूचना तिनं पुरी वाचली.

"सूचना आली," हचिन्स म्हणाले. "अनुमोदन कोण देतंय?"

कुणीच नाही.

अनुमोदन नसेल तर सूचना तिथंच मरते, चर्चासुद्धा होत नाही. लिडियानं वळून बघितलं. हिवाळाभर दुकानात अडवून "शाब्बास पोरी" म्हणणारे होलिस आपले बूट न्याहाळत होते. त्यांच्या मागचे लोक छताकडं बघत होते. आणि विनीआत्या टेबलावरच्या ताटांवरचं फडकं उगाच नीट करत होती.

तिला सगळं उमजलं. गाव तिच्यावर उपकार करत होतं! पोरीचं मन कुठं गुंतलंय ते गावानं ओळखलं होतं, आणि ॲशबीच्या रीतीनं, न विचारता, न बोलता, तिचं सुख वाचवायला सगळे हातावर हात ठेवून बसले होते. फक्त बाबा तिच्याकडं बघत होते. त्यांना उठता येईना. आपल्याच टेकडीसाठी उठायची त्यांना लाज वाटत होती.

"शेवटचं विचारतो..."

"अनुमोदन."

माना मागं वळल्या. रेमी उभा होता.

हचिन्सनी चष्म्यावरून बघितलं. "मास्तर, कशाला अनुमोदन देताय ते कळतंय ना?"

"तिसरीला शिकवतो, साहेब. वाचता येतं मला."

सभागृहात हसू फुटलं, आणि त्या हसण्यात कोंडलेला श्वास सुटला. मग तो बोलला. कपाटातल्या कार्यक्रमाबद्दल, तळघरातल्या भट्टीबद्दल. "वाचायला शिकवायला खडू लागतो आणि धीर लागतो," तो म्हणाला. "दोन्ही स्वस्त आहेत. माझ्या पोरांना वाचता येतंय, कुणीही येऊन ऐका. माझी नोकरी राहावी म्हणून कुणाचं रान विकलं जाऊ नये."

शाळा समितीच्या अध्यक्षा, थिओडोरा पिंकम, लाल झाल्या. कार्यक्रम पुन्हा घ्यायचा की नाही ते बघू, म्हणाल्या. भट्टीसाठी सवलत मागू. नोकरीचं वचन मात्र आज देता येत नाही.

पिवळी कार्डं वर गेली. होलिसचं सगळ्यात आधी. सूचना पास झाली.

लिडिया सरळ चालत गेली आणि शेवटच्या रांगेत त्याच्या शेजारी बसली. पुढं हचिन्स स्मशानाच्या कुंपणाचा विषय वाचायला लागले होते.

"सांगितलं का नाहीस मला?"

"सांगितलं असतं तर तू उभी राहिली नसतीस."

"राहिले असते."

"ते आज कळलं," तो हळूच म्हणाला. "आणि मग मला बसवेना..."

"नोकरी गेली तर?"

"शेजारच्या गावात शाळेची बस चालवीन. पण राहणार इथंच."

"ॲशबीत? कशासाठी? इथं तर सगळी चिक्कू माणसं."

"त्यातली एक फार आवडते मला."

लिडिया समोर बघत राहिली. कानाच्या पाळ्या तेवढ्या तापल्या. "मला पण," ती म्हणाली, इतक्या हलक्यानं की त्याला वाकावं लागलं. "तू... म्हणजे, तू आवडतोस. लिहून आणायला हवं होतं. वाक्य छोटं केलं असतं."

"छोटंच आहे. असू दे."

त्यानं तिचा हात धरला. पुढं बाबांनी एकदाच मागं वळून बघितलं, मान हलवली आणि पुन्हा कुंपणात लक्ष घातलं.

"कुंपण नवं करावं, असं म्हणणाऱ्यांनी कार्डं वर करा," हचिन्स म्हणाले.

दोघांनी कार्डं वर केली. गुंफलेले हात सोडायचे मात्र राहून गेले. तेही वर गेले, भर सभेत. मोजता मोजता हचिन्सचं बोट त्यांच्यापाशी थांबलं.

"मागच्या रांगेत... हे एक मत धरू की दोन?"

"दोन धरा," लिडिया म्हणाली. "भांडायला दोघं लागतात."