पांढरं लेबल

ही गोष्ट खरी आहे. पटवून द्यायला मी बसलेली नाही. नसेल पटत तर सोडून द्या, माझी काही हरकत नाही.

२०१७ ची दिवाळी नुकतीच उरकली होती. शनिवारची संध्याकाळ. जागा, पुण्यातलं कर्वेनगर. अमावस्या नव्हती, मी नंतर कॅलेंडर बघितलं. एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमचं छोटंसं ऑफिस. चहाच्या वेळेला भूत येतं असं मला कोणी सांगितलं असतं, तर मीही हसलेच असते.

आधी आमचं काम सांगते.

हिंजवडीच्या कंपन्या लोकांना घरी सोडायला गाड्या ठेवतात. त्या गाड्यांचं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. गाडीत बसलं की फोनवर 'बसले' दाबायचं, घरी पोचलं की 'उतरले'. कोणी उतरलं नाही, तर गाडीच्या यादीत त्याच्या नावाची ओळ लाल दिसत राहते.

काही बिघडलं की त्याची तक्रार आमच्या ट्रॅकरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या तक्रारवहीत यायची. तक्रारीला आम्ही इश्यू म्हणतो. त्या इश्यूंना लेबलं लावायचं काम माझं. लाल लेबल 'तातडीचं'. पिवळं 'नंतर बघू'. आणि राखाडी 'परत दिसलं नाही'. राखाडी लागलं की इश्यू बंद.

आमचे साहेब दिगंबर सर, कसबा पेठेतले. ते म्हणायचे, "तनया, तुमचं लेबल लावणं म्हणजे हळदीकुंकू झालंय. दारात येईल तिला लावायचं आणि वाटेला लावायचं."

एक इश्यू मात्र वाटेला लागत नव्हता.

एकाच गाडीचा. सगळे उतरले, ड्रायव्हर गाडी लावून घरी जेवायला बसला, तरी यादीत एक ओळ लाल. तिच्यात नावच नाही. आम्ही तपासलं, काही सापडलं नाही. मी राखाडी लेबल लावलं आणि बंद केलं.

पुढच्या शनिवारी तो इश्यू पुन्हा उघडा.

राखाडी लेबल गायब. त्या जागी एक पांढरं लेबल...

'मला उतरवा'.

असलं लेबल आमच्याकडे नव्हतंच. कोणतं लेबल कोणी बनवलं, ते ट्रॅकर सांगतो. मी बघितलं. नावाची जागा रिकामी होती.

मला वाटलं, अपेक्षाचा चावटपणा. अपेक्षा आमची टेस्टर, म्हणजे चुका शोधणारी. मूळची यवतमाळची. आमच्याच घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायची. तिला सोडायला तिची आई यमुनाबाई आल्या होत्या, तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "माह्या पोरीले सांभाळजो, बाई." आणि मी हो म्हटलं होतं.

"तू केलंस ना हे?" मी विचारलं.

"मी काऊन करू बाप्पा? मले दुसरे कामं नाहीत का?"

मी ते लेबल काढून टाकलं. पान पुन्हा उघडलं.

त्याच गाडीच्या सगळ्या जुन्या इश्यूंवर पांढरं लेबल...

दिगंबर सरांनी चष्मा वर करून बघितलं. म्हणाले, "परत दिसलं नाही म्हणजे कोणी बघायलाच गेलं नाही. ऑफिसात बसून गाडी कशी दिसेल? जा कोणीतरी, बसून या."

अपेक्षा लगेच उठली. तिला असल्या कामाचा भारी उत्साह. जाताना म्हणाली, "येतो मी. पोहे करून ठेवजो."

ती हिंजवडीला जाऊन त्या गाडीत बसली. बरोबर आणखी दोघं होते. सर गेले, बाकीचेही गेले. ऑफिसात मी एकटी. समोर नकाशा, बाजूला गाडीची यादी.

वाटेत बावधनला ते दोघं उतरले. गाडी कर्वेनगरजवळ आली तेव्हा अपेक्षाने फोनवरूनच नवा इश्यू टाकला. 'गाडीत मी एकटीच आहे. यादीत दोन ओळी दिसतात.'

खरंच दोन होत्या. एक 'अपेक्षा'. दुसरी बिननावाची.

आणि मी बघत असतानाच त्या नव्या इश्यूवर पांढरं लेबल चढलं.

मी फोन लावला.

"अगं, मागच्या सीटवर कोणी आहे का?"

"कोणीच नाही ना. पण तनया..."

"काय?"

"बाजूच्या सीटचा पट्टा लावलेला आहे. मी बसली तेव्हा उघडा होता."

मग गाडीचा आवाज आला. हॉर्न. आणि मग...

काहीच नाही. रस्त्याचाही आवाज नाही. फोन चालू होता, नकाशावरचा ठिपका सरकत होता, पण पलीकडे अशी शांतता की मला माझाच श्वास ऐकू येत होता.

"अपेक्षा? अपेक्षा, बोल ना!"

यादीतली बिननावाची ओळ हलली. तिच्यात एकेक अक्षर उमटलं...

अपेक्षा.

आता दोन अपेक्षा. एक वर, एक खाली.

मग वरच्या ओळीतलं नाव पुसलं गेलं. ती ओळ रिकामी झाली.

 फोन कट झाला होता. मी ड्रायव्हरला लावला. गेनबा त्याचं नाव, मुळशीकडचा.

"गेनबा, मॅडम कुठे आहेत?"

"मागंच बसल्यात की. गाडी तुमच्या गल्लीत उभी हाय. पर उतरत न्हाईत वो. हाक मारली, तर नुसत्या म्होरं बघतात."

ऑफिस ते घर एक गल्ली. मी पळत सुटले, चपला घालायचंही भान नव्हतं.

अपेक्षा मागच्या सीटवर ताठ बसली होती. बाजूच्या रिकाम्या सीटचा पट्टा अजून लावलेला. आणि तो ताणलेला होता, कोणी बसल्यावर असतो तसा.

मी दार उघडलं. 

"अपेक्षा, उतर."

टक्... तिने पट्टा काढला. उतरली. माझ्याकडे बघून गोड हसली.

"अगं, घाबरलीस का? चल, पोहे केलेस ना?"

मी तिला मिठी मारली. रडले. गेनबाने गाडी वळवली आणि गेला. तो बाजूचा पट्टा कोणीच सोडला नाही. तेव्हा मला ते सुचलंही नाही.

रात्री यादी बघितली. अपेक्षा, उतरली. बिननावाची ओळ, लाल. पण पांढरी लेबलं सगळी गेली होती. मला इतकं बरं वाटलं की मी देवापुढे साखर ठेवली.

पुढच्या शनिवारी ट्रॅकर उघडला. अपेक्षा माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर, कॉम्प्युटर बंद.

एक नवा इश्यू आला होता. त्याच गाडीचा. टाकणारीचं नाव, अपेक्षा. वेळ आत्ताची.

त्यावर पांढरं लेबल...

'तनया, मी गाडीतच बसून राहिली ना'.

मी हळूच मान वळवली. ती माझ्याकडेच बघत होती.

"राखाडी लाव त्याला," ती म्हणाली. "परत दिसणार नाही."

मी लावलं नाही. त्या गाडीत मी स्वतः बसून आले, दोनदा. पट्टा उघडा होता. रिकाम्या सीटकडे बघून "उतर, उतर" म्हणत राहिले. गेनबा घाबरला. त्याने ती गाडी सोडली, मालकाने विकली. कोणाला, ते तो सांगत नाही.

महिनाभराने यमुनाबाई आल्या. लेकीने वाकून नमस्कार केला, चहा केला, "आई, प्रवास कसा झाला?" असं आमच्यासारखंच विचारलं. माझी आई म्हणाली, बघा, पोरगी कशी छान पुणेरी झाली.

यमुनाबाईंनी चहाला हात लावला नाही. लेकीकडे बघत बसल्या, किती तरी वेळ.

संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात माझ्यामागे आल्या. दार लोटलं. माझा हात धरला, पहिल्या वेळी धरला होता तसा नाही. घट्ट.

"तनया," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे कोण आहे, मले माहीत नाही. माही पोरगी कुठी आहे?"

वरच्या खोलीत पावलांचा आवाज येत होता. तो थांबला.

 आजही मी ती नोकरी सोडलेली नाही, दर शनिवारी लेबलं लावते. तो इश्यू अजून उघडा आहे.