सहाव्या मजल्याची दोरी

मी टोपली खाली सोडली तेव्हा खाली काहीच नव्हतं. रस्ता नाही, माणूस नाही, जमीनसुद्धा नाही. नुसतं पांढरंशुभ्र धुकं. आमच्या वाळवंटात हिवाळ्याच्या सकाळी असं धुकं उतरतं की आपलाच हात आपल्याला दिसत नाही, आणि मी तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत उभी राहून ओरडत होते, "काका, पाच भाकऱ्या द्या! करपलेल्या नकोत हं!"

चूक माझी नव्हती. माझा सगळा जन्म कैरोत, बुलाकच्या गल्लीत गेला होता. तिथं खालून कुणाची लांबलचक हाळी आली की बायकांचे हात आपोआप दोरीकडे जातात. भाकरीवाला टोपलीतले पैसे उचलतो, भाकऱ्या ठेवतो, दोरीला हिसका देतो. गल्लीवरून नवा रस्ता गेला आणि आम्हा मायलेकींना शहराच्या पार टोकाला, नदा नावाच्या या नव्या गावात घर मिळालं. घर नवं होतं, हात मात्र जुनेच होते. धुक्यात कुणीतरी सूर लावून ओरडलं आणि माझी टोपली सुटली.

दोरीला हिसका बसला. मी टोपली वर ओढली. माझे पैसे जसेच्या तसे होते. शेजारी कागदात गुंडाळलेली एकच भाकरी, आत गरमागरम ताअमियाचे वडे, टोमॅटो आणि वर तिळाची चटणी.

"अहो, हे काय?" मी धुक्याला विचारलं.

"माझा नाश्ता," धुकं म्हणालं.

"मी भाकऱ्या मागितल्या होत्या!"

"आणि मी माझ्या सोबत्याला सांगत होतो, काठी डावीकडे घे म्हणून. जमिनीची आखणी चाललीय इथं. तेवढ्यात आभाळातून टोपली उतरली... आता आभाळच मागतंय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?"

मी एक घास खाल्ला. खरं सांगते, नदामध्ये आल्यापासून इतकं चवदार काही खाल्लं नव्हतं.

मग ऊन आलं, धुकं विरत गेलं आणि तो दिसला. उंच, सडपातळ, तिपाईवरच्या दुर्बिणीपाशी उभा. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवरसुद्धा चुन्याची पांढरी भुकटी. त्यानं वर पाहिलं. मी डोक्यावरच्या रुमालाशी उगाच चाळा करत राहिले.

"मला वाटलं, कुणी म्हातारी खाला असेल," तो म्हणाला. "आवाज तसाच होता."

"आणि मला वाटलं, भाकरीवाला असेल. अवतार तसाच आहे."

तो मोठ्यानं हसला. त्याचं नाव शाझली.

दुसऱ्या दिवशी मी टोपलीतून पुदिन्याचा चहा सोडला. उपकार ठेवून घ्यायचे नाहीत, एवढंच मनात होतं. निदान स्वतःला मी तसं बजावलं. ग्लास रिकामा होऊन वर आला, आणि त्यात एक दगड होता.

"दगड कशाला पाठवलात?"

"नीट बघा. लाकूड आहे ते."

मी पाहिलं. दगडाला लाकडाच्या रेषा होत्या, एक गाठही होती, फांदी फुटते तिथं असते तशी.

"पाया खणताना सापडलं. कोण जाणे कधी इथं जंगल होतं," तो म्हणाला. "उद्या शिंपला देतो. जंगलाच्या आधी समुद्र होता."

जिथं पाण्याचा टँकर उशिरा आला तर माझी आई अख्खं गाव डोक्यावर घेते, तिथं समुद्र! तो शिंपला मी तळहातावर घेऊन बसले तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला. आई म्हणाली, "वेड लागलंय का? दगड घेऊन काय बसलीस?" तिला कसं सांगू... मला वाटत होतं, आत्ता या क्षणी माझ्या डोक्यावरून लाटा चालल्या आहेत.

त्यानंतर नदाकडे बघायची माझी नजरच बदलली. सकाळी खिडकीतून दिसणारी टेकडी संध्याकाळी जागेवर नसायची. काल जिथं वाळू होती तिथं आज दिव्यांचे खांब. एका आठवड्यात शाळा उभी राहिली, पुढच्या आठवड्यात तिच्या भिंतीला टेकून कलिंगडवाला बसला. आई म्हणायची, हे काय गाव आहे, न शेजार न पाजार, नुसती वाळू. मला मात्र छाती दडपून जायची. एवढं सगळं शून्यातून येतं, आणि येण्याआधी शाझली त्याच्या रेषा आखतो!

"तुमचं काम म्हणजे जादू आहे," एकदा मी बोलून गेले.

"पुन्हा म्हणा. ऐकू नाही आलं."

"चहा थंड होतोय म्हटलं!"

"शहीरा..." पहिल्यांदाच त्यानं माझं नाव घेतलं. "तुमच्या आईला भेटायला येऊ का?"

"कशाला?"

"त्या दिवशीची ताअमिया परत मागायला."

माझ्या हातून दोरी सुटली. टोपली थेट त्याच्या डोक्यात.

आई मात्र हसली नाही. तिनं त्याला चहा दिला, बसवलं आणि एकच प्रश्न विचारला. "घर कुठं आहे?"

आमच्याकडे मुलीकडची माणसं आधी घर बघतात, नळ सोडून बघतात, भिंतीवर बोटं वाजवून बघतात, मग फातिहा वाचून लग्न ठरवतात. आईच्या वेळी कुणी बघितलं नव्हतं. "पुढच्या वर्षी आपला फ्लॅट," म्हणत बाबांनी तिला आणलं आणि ती उभा जन्म सासूच्या एका खोलीत पडदा लावून राहिली. बाबा गेले, पुढचं वर्ष काही आलं नाही. त्याच दिवशी तिनं शपथ घेतली होती की आपल्या डोळ्यांनी घर बघितल्याशिवाय मुलगी द्यायची नाही.

"समोरच आहे, खाला," शाझली म्हणाला. "सहावा मजला. सोडतीत फ्लॅट माझ्या नावावर लागलाय."

आईनं खिडकीतून पाहिलं. समोर मोकळं माळरान.

"शुब्र्याहून माझा भाऊ शुक्रवारी एक स्थळ घेऊन येतोय," ती शांतपणे म्हणाली. "त्या मुलाचा फ्लॅट तयार आहे. फरशीसकट."

शाझली उठला. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "मग त्याच्या आधी, उद्या सकाळी घर बघायला या. नियम म्हणजे नियम."

रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी आईनं भाकऱ्या, चीज आणि चहाचा थर्मास त्याच टोपलीत भरला. घर बघायला जाताना रिकाम्या हातानं जात नाहीत म्हणे, मग ते घर असो वा नसो. आम्ही माळरान ओलांडलं आणि आईचे पाय थांबले.

वाळूवर चुन्याच्या फक्कीनं अख्खं घर आखलेलं होतं. खऱ्या मापाचं. दार, बैठकीची खोली, दोन झोपायच्या खोल्या, न्हाणीघर. शाझली दारात उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि तरी पापण्यांवर चुना होताच.

"या, या! घर उजळलं आमचं!"

आई तोंड वाकडं करत पुढे झाली.

"खाला, खाला! ती भिंत आहे!"

आणि माझी आई — बुलाकच्या सगळ्या भाजीवाल्यांना पुरून उरलेली माझी आई — मागे सरली, वळसा घालून दारातून आत आली. आत येताना तिनं चपला काढल्या. मी ओठ चावून हसू दाबलं.

"हे स्वयंपाकघर? यात मी वळले तर बाहेर पडेन."

"ही मधली भिंत आपल्या हातात आहे." त्यानं पायानं एक रेष पुसली, दोन पावलं पलीकडे नवी मारली. "आता?"

"हं. ओटा कुठं?"

"तुम्ही सांगाल तिथं."

ती सांगत गेली, तो आखत गेला. मी बाजूला उभी राहून दोघांकडे बघत होते आणि मनात नुसती दुआ मागत होते. वारा पडलेलाच राहू दे... या रेषा जागच्या जागी राहू देत...

मग आई सरळ उभी राहिली. "हे झालं वाळूवर. सहावा मजला कुठाय?"

शाझलीनं बोट वर केलं. निळंभोर, रिकामं आभाळ. तेवढ्यात एक घार पंख न हलवता तिथून संथपणे गेली.

"ती आत्ता आपल्या बैठकीच्या खोलीतून गेली," तो म्हणाला.

आईनं मान वर केली आणि तशीच बघत राहिली. तिच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. धाक म्हणू की नवल... पण मला जे रोज होत होतं, तेच तिला होत होतं.

"कधी होईल?" तिनं हळूच विचारलं.

म्हण, शाझली, लवकरच म्हण. पुढच्या वर्षी म्हण!

"माहीत नाही, खाला," तो म्हणाला. "दोन वर्षं लागतील. कदाचित तीन. पुढच्या वर्षी म्हणालो असतो, तर तुम्हाला बरं वाटलं असतं... पण ते खोटं होईल. फातिहा आत्ता वाचू या, लग्न मात्र या भिंती उभ्या राहिल्यावर. शहीराला मी पडद्यामागं ठेवणार नाही."

आईनं रुमालाच्या टोकानं डोळे पुसले आणि वाळू गेली म्हणाली, वारा नव्हता तरी.

"बाल्कनी नाही काढलीस," ती एकदम म्हणाली. "बाल्कनीशिवाय घर असतं का?"

शाझली धावला. फक्कीचं घमेलं उचललं, बैठकीच्या खोलीपुढं तीन रेषा मारल्या. आईनं टोपलीतले डबे काढून ओट्यावर, म्हणजे ओटा आखला होता तिथं मांडले आणि रिकामी टोपली माझ्या हातात दिली. "जा, उभी राहा तिथं."

मी बाल्कनीत गेले. आईनं दोरी हातात घेऊन पाहिली, मग वर आभाळातल्या सहाव्या मजल्याकडे पाहिलं, पुन्हा दोरीकडे.

"ही पुरायची नाही," ती पुटपुटली आणि तिनं तिथूनच मामाला फोन लावला. "ऐक, शुक्रवारी येताना लांब दोरी घेऊन ये. चांगली जाड, सहा मजल्यांची... हो, सहा! कशाला म्हणजे काय? फातिहा वाचायचीय तुला. आणि त्या फरशीवाल्याला घरीच राहू दे."

शाझली जागच्या जागी उभा होता, घमेलं हातात तसंच. मला हसू येत होतं आणि रडूही. पायाखाली वाळू होती, वीतभरसुद्धा उंची नव्हती, तरी खाली बघायची हिंमत होईना.

"शहीरा!" तो ओरडला, त्या धुक्यातल्या सुरात. "सांभाळून! कठड्याला धर!"

आणि मी धरलं.