कोठीवरची ठोक

भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नाही. हसायचं तर हसा. पण हे खरंच घडलंय. मागच्या डिसेंबरात, गोंदियाजवळच्या दरेकसा गावी, माझ्या दुधरामकाकांच्या घरी. दिवेलागणीची वेळ होती.

काकू आधीच वारल्या होत्या. एकुलता एक मुलगा हिमांशु स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या एका जुन्या डिस्टिलरीत कामाला. लाकडी पिंपं राखायचा. बोटाने ठोकून पाहायचा... भरलेलं पिंप 'ठप्' वाजतं, रिकामं 'टण्ण'. "इथं बाप पिंप भरते अन् पोरगा उघडते," असं फोनवर सांगायचा. अठरा वर्षं मुरलेल्या सिंगल माल्ट व्हिस्कीची एक बाटली त्याने काकांना पाठवली होती. आल्यावर सोबत फोडू म्हणाला.

तो आलाच नाही. तिकडेच अपघातात गेला. अग्नीही तिकडेच दिला.

त्या संध्याकाळी काकांनी ती बाटली माझ्यापुढे ठेवली. सोबत तीन गिलास.

"तिसरा कोणाचा, काका?"

"आयक."

स्टेशनवरून गाडी निघून गेली. मग सगळं गप्प...

ठप्.

धानाने भरलेल्या टिनाच्या कोठीवर कोणीतरी ठोकलं होतं. कोठीजवळ कोणीच नव्हतं.

"रोज येऊन राह्यला पोट्टा," काका हसले. "आज फोडू."

किती दिवसांनी हसले होते ते! मी मात्र घाईघाईने बाटली फोडून तिन्ही गिलास भरले.

घाबरलं की हात सवयीचंच काम करतात. आमच्याकडे पहिले थेंब गेलेल्यांचे, दारू मोहाची असो की कुठलीही. मी गिलासात बोट बुडवलं, थेंब जमिनीवर शिंपडले आणि नावं घेत गेलो. आजोबा. काकू. हिमांशु...

काकांचा चेहरा पाहिला आणि चूक कळली. गेलेल्यांमध्ये त्याचं नाव त्यांनी आजवर एकदाही घेतलं नव्हतं.

टण्ण...

मी धावत जाऊन झाकण उघडलं. कोठी तोंडापर्यंत भरलेली होती.

पुन्हा काही वाजलं नाही. तिसरा गिलास तसाच राहिला.

मी गोंदियाला परतलो. काका रोज संध्याकाळी फोन करतात आणि काही न बोलता तो कोठीला लावून ठेवतात. मीही ऐकत बसतो.

काल मात्र बोलले.

"भूपेंद्र, तुनं त्याचं नाव काऊन घेतलं रे?"

आता थोड्या वेळात पुन्हा फोन येईल.