रिकाम्या काट्याचं वजन

दिग्रसच्या त्या जिनिंगमध्ये नेटवर्क कंपनीचा दुरुस्तीवाला अश्वजित गेला तो अगदी किरकोळ कामासाठी. कापसाच्या गाड्या जिथे तोलतात त्या वजनकाट्याची वायर राउटरच्या सिरियल पोर्टला जोडलेली होती. वजन तिथून ऑफिसच्या पडद्यावर जायचं. पण रोज सकाळी, पहिली गाडी यायच्या आधी, रिकामा काटा साठ किलो दाखवायचा. सेठ फोनवर नुसता ‘बिघाड, बिघाड’ करत होता, साठचं नाव काढत नव्हता. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी सवय.

अश्वजितने लॅपटॉप जोडला. काट्याचा आकडे पाठवायचा वेग आणि पोर्टचा वेग जुळला नाही तर पडद्यावर वेड्यावाकड्या अक्षरांचा कचरा उमटतो, हे त्याला पाठ होतं. इथे वेग जुळलेला होता, बाकी सेटिंगही चोख. आणि कचरा काही रोज नेमाने साठ येत नाही.

“साहेब, राहू द्या ना,” चौकीदार किसनराव हळूच म्हणाला. “नेमसिंगचं वजन हाये ते.”

नेमसिंग काटेवाला दिवाळीत वारला होता. दिवसाची पहिली गाडी घेण्याआधी तो स्वतः काट्यावर उभा राहायचा. आपले साठ बरोबर आले, की मगच शेतकऱ्याचा कापूस. हा नेम त्याने कधी मोडला नाही.

“त्याची बायको रोज सकायी येते पाह्याले,” किसनराव म्हणाला. “आकडा गेला का मंगच उठते.”

अश्वजितने वायर काढून पुन्हा खोचली; साठ हललाच नाही. घाबरलेला माणूस अंमळ जास्तच हुशारी करतो. त्याने राउटरमध्ये एक ओळ घातली: शंभर किलोच्या आतलं वजन पुढे पाठवायचंच नाही. पडद्यावर शून्य आलं. सेठ खूश झाला.

तेवढ्यात नेमसिंगची बायको रुखमाबाई आली. पदराने कपाळ पुसत पडद्यासमोर बसली. बराच वेळ बघत राहिली.

“आज आले नाही का...?”

तिची नजर लॅपटॉपवर गेली.

“तुमी बंद केलं का, भाऊ?”

“मावशी, ते सेठनं...”

“माणूस त दिसतच नव्हता मले. आकडा दिसे. तेवढाच होता...”

ओळ पुसायला क्षणही लागला नसता. पण दारात सेठ उभा होता, आणि उमरखेडचं काम खोळंबलं होतं. “उद्या येऊन लावून देतो, मावशी,” असं म्हणून अश्वजित निघाला. तिने मान हलवली.

रात्रभर त्याला ती मान आठवत राहिली. नोकरी गेली असती तर गेली असती. तेव्हाच का नाही पुसली? सकाळी चहाही न घेता त्याने मोटरसायकल काढली. दिग्रसच्या अलीकडे किसनरावचा फोन आला.

“साहेब... आकडा आला.”

“साठ? साठ कसा येईल?”

“साठ नाही... एकशे दहा. काट्यावर कोनी नाही.”

शंभराच्या वरचं वजन अडवायला त्याने राउटरला सांगितलंच नव्हतं. त्याने गाडी बाजूला घेतली.

“रुखमाबाई आली का?”

“ते रातीच गेली, साहेब. झोपेतच...”

अश्वजितने विचारलं, “आकडा गेला का?”

“नाही...” किसनरावचा आवाज अगदी खाली गेला. “दोघं अजून उभेच हायेत.”