भोपळ्यावरचा पूल

"फोनचे डॉक्टर आहेत का घरी?"

मागच्या फाटकावरून एक उंच तरुण आमच्या परसात डोकावत होता. गुडघ्यापर्यंत चिखल, भुरभुर पावसाने ओले झालेले केस, आणि हातात रुमालात गुंडाळलेला फोन... असा धरलेला, की जणू आत पक्ष्याचं पिल्लूच आहे.

मी टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. हात कोपरापर्यंत मातीत, केसांचा अंबाडा, आणि अंबाड्यात खोचलेला स्क्रू ड्रायव्हर. दुकानात तो सारखा हाताशी लागतो, म्हणून सवयच जडली आहे. झोपतानाच काय तो निघतो.

"आज रविवार," मी म्हटलं. "रविवारी डॉक्टर फोनला हात लावत नाहीत."

"अहो, पण पाण्यात पडलाय! आणि सगळे म्हणतात, मेलेला फोन उठवणारं या भागात एकच माणूस आहे."

छाती अशी फुगली म्हणून सांगू! पण चेहरा मी तसाच ठेवला. "म्हणतात ते खरंच आहे."

"मग जरा आत जाऊन विचारा ना त्यांना..."

"विचारलं. नाही म्हणाले."

"तुम्ही तर जागच्या हललाही नाहीत!"

"आमचं फार जवळचं आहे. मनातलं कळतं." मी सुतळीचं टोक त्याच्या पुढे केलं. "हे धरा. नुसतं उभं राहण्यापेक्षा बरं."

त्याने फोन फाटकाच्या खांबावर ठेवला आणि सुतळी धरली. खरं सांगते, तो चिडेल अशी माझी खात्री होती. पण त्याने निमूट गाठ बांधली. माझ्या गाठीपेक्षा ती चांगली होती, आणि हे मान्य करायला मला पुढे बरेच आठवडे लागले.

सोमवारी दुकान उघडलं, तर पायरीवर हाच. काउंटरच्या मागे जाऊन मी भिंग डोळ्याला लावलं तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"म्हणजे डॉक्टर..."

"बसा. पेशंट कुठाय?"

फोन उठला. माझ्या हातून आजवर सहसा कुणी न उठता परत गेलेलं नाही. घेताना तो म्हणाला, "पुढच्या रविवारी गाठी बांधायला माणूस लागेल का?" मी हिशेबाच्या यंत्राची बटणं उगीचच दाबत राहिले. "बघू," म्हटलं. "पण फोन घेऊन यायचं नाही."

आता आमच्या घरचा रविवार सांगितलाच पाहिजे. बाबा विजेच्या खात्यात वायरमन होते. कुठे तार तुटली, की फोन वाजे आणि बाबा भरल्या ताटावरून उठत. पुढे बाबा निवृत्त झाले, पण मी फोन दुरुस्तीचं दुकान काढलं आणि घरात पुन्हा फोनच फोन झाले. एका रविवारी आईने शिवणयंत्र थांबवलं, जुना प्रेशर कुकर काढला, सगळ्यांचे फोन त्यात टाकले आणि झाकण लावलं. "संध्याकाळच्या चहापर्यंत उघडायचा नाही." आईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तेव्हापासून दर रविवारी आमचे फोन कुकरमध्ये आणि आम्ही परसात. लोक हसतात. हसू देत. असे टोमॅटो, अशा काकड्या आणि जेवताना एकमेकांची तोंडं बघणारी अशी माणसं चार घरांत दाखवा, मग हसा.

तर पुढच्या रविवारी तो आला. फोन त्याने आपण होऊन कुकरमध्ये ठेवला, पण झाकण लावताना त्याचा जीव अर्धा झालेला सगळ्यांनी पाहिला. नदीवर नवा पूल होत होता आणि हा तिथला इंजिनियर. बाबा त्याला 'पूलवाला' म्हणू लागले, मग आम्ही सगळेच. सुरुवातीला दर दोन मिनिटांनी त्याचा हात रिकाम्या खिशाकडे जायचा. गेला, की मी त्या हातात खुरपं द्यायची.

"तुम्हाला दया नाही का?"

"आहे. म्हणून खुरपं देते. बाबांनी कुदळ दिली असती."

भोपळ्याच्या फुलांचं काम मीच त्याला शिकवलं. त्या दिवसांत मधमाश्या फिरकत नव्हत्या आणि भोपळे धरत नव्हते. सकाळी नरफूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि आतल्या दांडीवरचा पराग मादीफुलात अलगद टेकवायचा.

"एवढंच?" तो अगदी हळू बोलला. आमची डोकी एकाच फुलावर वाकलेली होती.

"एवढंच. पण वेळेवर. ऊन चढलं की फूल मिटतं. मग कितीही आर्जवं करा..."

"मिटलेलं फूल ऐकतच नाही?"

"अजिबात नाही. मानी असतं."

"हं," तो म्हणाला. "ते दिसतंच आहे."

तो फुलाकडे बघत नव्हता. मी मात्र फुलाकडेच बघत राहिले, अगदी निष्ठेने!

भोपळा धरला. आमच्याकडे एक रीत आहे. ज्याने फूल फळवलं, त्याने मुठीएवढ्या कोवळ्या भोपळ्यावर टोकदार खिळ्याने आपली खूण कोरायची. मग ती बाजू भिंतीकडे करायची आणि भोपळा काढायच्या दिवसापर्यंत कुणी बघायचं नाही. भोपळ्याबरोबर खूणही वाढते. बाबांची खूण विजेचा दिवा, आईची कात्री, माझी स्क्रू ड्रायव्हर. पूलवाल्याने खिळा नाकारला आणि खिशातून कंपासची सुई काढली. बराच वेळ वाकून काहीतरी कोरत होता. मी डोकावले तर एक कमान दिसली, आणि कमानीवर ओरखड्यांचा बारीकसा गुंता. त्यातून चीक आलेला, काही कळेना.

"पूल कळला. आणि हे वर काय?"

"सुई घसरली," तो म्हणाला. कान लाल झाले होते.

"बाहेर पूल असाच बांधता का? मग मी नावेनेच जाईन हो!"

तो हसला आणि त्याने भोपळा भिंतीकडे वळवला.

भोपळा वाढला, पूलही वाढला. आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की पूल पुरा होत आला म्हणजे पूलवाला जाणार. दुसरी नदी, दुसरा पूल. तो काही बोलत नव्हता. आणि मी? मी कशाला बोलू आधी? मोडेन पण वाकणार नाही, हा आमच्या घराण्याचा गुण. रोज दुकानात दुसऱ्यांचे फोन बोलते करत होते आणि स्वतःच्या तोंडातून एक वाक्य निघत नव्हतं. हो, माझं त्याच्यावर प्रेम बसलं होतं. घट्ट, त्याने बांधलेल्या गाठीसारखं.

आईला ते सगळ्यांच्या आधी कळलं. "मुलगा चांगला आहे," ती काज करता करता म्हणाली. "पण मी निम्मं आयुष्य कुणाच्या तरी रिकाम्या पाटासमोर जेवले. ताटावरून उठणारा जावई मला नको. रविवारी जेवायला बोलाव त्याला. बघू दे मला."

मी ते त्याला जसंच्या तसं सांगितलं. जावई हा शब्द तेवढा गाळला... पण तो काही दूधखुळा नव्हता.

त्या रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. पहाटेपासून पाऊस धरून होता. फोन कुकरमध्ये गेला, झाकण लागलं. पानं वाढली. आई त्याला आग्रह करत होती आणि बाबा त्याला पुलाचे खांब विचारत होते. सगळं इतकं छान चाललं होतं, की मला आतून धाकधूक वाटायला लागली.

आणि कुकर वाजला. आतून, घुसमटलेला, घूं... घूं...

त्याचा घास हातातच राहिला. त्याने आईकडे पाहिलं आणि घास तोंडात घातला. आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला.

"तुमचाच आहे," मी म्हणाले.

"असू दे." आवाज साधा होता, पण मांडीवरचा डावा हात घट्ट आवळलेला. "अगदीच अडलं तरच फोन करा, असं सांगून आलोय पुलावरच्यांना."

"मग अडलंय!"

"आज मी उठणार नाही," तो खाली बघून म्हणाला. "आज नाही."

कुकर तिसऱ्यांदा वाजला. माझ्यासाठी बसला होता तो. आईला जिंकायला बसला होता, आणि त्याचं सगळं लक्ष नदीवर होतं. मला एकाएकी त्याचा राग आला, आणि त्या रागात इतकं प्रेम होतं की माझं मलाच नवल वाटलं. ज्या माणसाचा मला अभिमान वाटत होता तो हा नव्हे. तो आत्ता पुलावर असायला हवा.

मी उठले. आईच्या डोळ्यांदेखत कुकरचं झाकण काढलं आणि फोन त्याच्या हातात दिला. "घ्या."

तो ऐकत गेला तसा चेहरा बदलला. "परांचीवरची सगळी माणसं आधी वर घ्या. सामान वाहून गेलं तर जाऊ दे. मी निघालोच." मग तो आईसमोर उभा राहिला, हात उष्टा, मान खाली. "काकू... नदीला पाणी चढलंय. माणसं खाली आहेत."

बाबा हळूच म्हणाले, "मीही असाच उठायचो ना गं?"

"उठायचात," आई म्हणाली. ती उठली, फळीवरून मोठी थाळी काढली आणि पूलवाल्याचं ताट झाकून ठेवलं. "आणि मी असं झाकून ठेवायची. जा रे बाळा, पळ. छत्री घे ती."

बाबा नंतर बराच वेळ चष्मा पुसत बसले होते.

दुपार सरता सरेना. पाऊस ओसरला तशी मी परसात गेले. एक नियम मोडला, की दुसऱ्याला फारसा वेळ लागत नाही. भोपळ्यापाशी बसले आणि दोन्ही हातांनी त्याला भिंतीकडून माझ्याकडे वळवलं.

ओरखडे आता बोटभर रुंद झाले होते, उठावदार. कमान होती. आणि सुई कुठेही घसरली नव्हती. कमानीवर दोन माणसं उभी होती. एक उंच. दुसरी ठेंगणी, कमरेवर हात, डोक्यावर अंबाडा, आणि अंबाड्यातून आरपार गेलेली एक काडी...

माझा हात आपोआप केसांकडे गेला. स्क्रू ड्रायव्हर जागेवरच होता.

म्हणजे भोपळा मुठीएवढा होता तेव्हाच हा बोलून मोकळा झाला होता! आणि मी, फोनची डॉक्टर, निरोप पोचायची वाट बघत भोपळ्याच्या अलीकडे बसले होते. मी त्या ओल्या मातीत एकटीच हसले, आणि थोडी रडलेही.

फाटक वाजलं. चिखलाने माखलेला, इस्त्रीच्या शर्टाचं पोतेरं झालेलं, छत्रीची एक काडी मोडलेली.

"सगळे वर आले," तो म्हणाला. "एक पंप गेला वाहून. माणूस एकही नाही."

"माहीत होतं मला. पूल तुमचा आहे."

मग त्याचं लक्ष भोपळ्याकडे गेलं आणि कान लाल झाले. "बघायचं नसतं ना..."

"नसतं. बघितलं." मी उभी राहिले. कमरेवर हात आहेत हे लक्षात आलं, पण काढले नाहीत. "पुढचा पूल कुठे आहे?"

"वरच्या अंगाला. याच नदीवर. मागून घेतला." तो थांबला. "पण रविवारी इथेच असेन... फोन मात्र क्वचित वाजेल. अगदीच अडलं तर..."

"वाजू दे. मी काढून देईन," मी म्हटलं. "आणि ऐक. आमच्या घरात कुणी आधी वाकत नाही, म्हणून ताठ उभी राहूनच सांगते. तू मला हवा आहेस. पुलासकट, चिखलासकट."

हळूच पुढे होऊन त्याने माझ्या अंबाड्यातला कलता झालेला स्क्रू ड्रायव्हर नीट खोचला.

"अरे, बाहेर काय उभे राहिलात दोघं?" स्वयंपाकघराच्या दारातून आईचा आवाज आला. "ताट गरम केलंय. आणि तो फोन आण इकडे, चहा व्हायचाय अजून."